उसाशेजारचं घर आणि बिबट्या : काय बदलता येतं, काय नाही

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांत दोन लेकरं होती. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला, वनविभागाची गाडी पेटली, आणि अखेर परवानगी घेऊन एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्याच दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिबट्याचे फोटो धडाधड येऊ लागले. अंगणात, पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या फाटकाशी बसलेले बिबटे. त्यातले कित्येक संगणकाने तयार केलेले निघाले.

या गदारोळात मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. आमच्याकडे तो आहे का? आणि असला तर आम्ही काय करायचं?

पहिल्या प्रश्नात फार अडकू नका. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, अकोले, संगमनेर, पारनेर, निफाड, सिन्नर यांपैकी कुठेही तुमच्या घराजवळ ऊस असेल, तर बिबट्या आहे असं धरूनच घर लावा. आज नसला तर पुढच्या महिन्यात असेल. गावातला बिबट्या तुम्ही घालवू शकत नाही. घराभोवतीचे पन्नास फूट आणि तिन्हीसांजेपासून सकाळपर्यंतची वेळ मात्र तुमच्या हातात आहे. हल्ले टाळण्याचं बहुतेक काम तिथेच होतं.

तो उसात आला कुठून?

"जंगल तोडलं म्हणून बिचारा गावात आला" हे वाक्य इतकं रुळलंय की ते कुणी तपासून पाहत नाही. उसातला बिबट्या बहुतेक वेळा उसातच जन्मलेला असतो. त्याची आईही तिथलीच. त्याला जंगल माहीतच नसतं.

हे समजायला कुकडी प्रकल्पाकडे पाहावं लागतं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचं पाणी कालव्यांनी खाली उतरलं आणि बाजरी-मटकीच्या माळावर ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे दहा-बारा फूट उंचीचं दाट, थंड, ओलसर आच्छादन. महिनोन्महिने त्यात माणूस शिरत नाही. लागवडीच्या हंगामाप्रमाणे 'सुरू' ऊस बारा महिने उभा असतो, 'पूर्वहंगामी' चौदा-पंधरा आणि 'आडसाली' सोळा-अठरा महिने. एकाची तोड होते तेव्हा शेजारच्याचा दडायला पुरेल एवढा वाढलेला असतो. बिबट्याची मादी साधारण तीन महिने गाभण राहते, दोन-तीन पिल्लं घालते आणि दीड ते दोन वर्षं ती सांभाळते. एवढा काळ लपायची सोय उसाने आयती करून दिली.

राहिलं खाणं. अकोले खोऱ्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने जवळपास ८७ टक्के वाटा पाळीव किंवा गावातल्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांचा अवघा ११ टक्के, आणि तोही त्या भागात कुत्र्यांपेक्षा शेळ्या सातपट असताना! कारण उघड आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रा मोकळा फिरतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर उभ्या आहेत.

त्याच खोऱ्यात कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तिथे म्हणावं असं जंगल नव्हतं. राज्यात १,९८५ बिबटे असल्याचा २०२२ चा अंदाज आहे, पण त्या मोजणीचा भर जंगलांवर असतो. उसातल्या बिबट्यांचा हिशेब त्यातून लागत नाही.

आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं?

फोटोवर विसंबू नका, जमीन पाहा. पाणी दिलेल्या वाफ्याच्या कडेला किंवा पाटाच्या चिखलात ठसा उमटतो. मांजरकुळातल्या प्राण्याची नखं चालताना आत असतात, त्यामुळे ठशात चार बोटं आणि मागची गादी दिसते, नखांचे टोचे दिसत नाहीत. कुत्रा, कोल्हा आणि तरस यांच्या ठशात नखं दिसतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो, आणि "बिबट्याचा ठसा" म्हणून पाठवलेले कित्येक फोटो तरसाचे किंवा गावच्या मोठ्या कुत्र्याचे असतात. मोठ्या बिबट्याचा ठसा सात ते नऊ सेंटिमीटर रुंद असतो, रानमांजराचा त्याच्या निम्म्याहून लहान. ठशाशेजारी आगपेटी ठेवून सरळ वरून फोटो काढा आणि वर घमेलं पालथं घाला, म्हणजे वनरक्षक येईपर्यंत तो पुसला जाणार नाही.

शेळी मेली असेल तर जखमा पाहा. बिबट्या गळा धरतो. नरड्याशी सुळ्यांची दोन-चार खोल भोकं असतात, बाकी अंग बऱ्याचदा स्वच्छ असतं, आणि शिकार ओढत नेल्याचा पट्टा उसाकडे जातो. कुत्र्यांनी मारली असेल तर मागच्या मांड्या, कान, शेपूट असं सगळीकडे फाडलेलं असतं आणि खुरांच्या झटापटीच्या खुणा लांबवर पसरलेल्या दिसतात.

रात्री करवतीने लाकूड कापल्यासारखा खर्र-खर्र आवाज एका लयीत आला, तर तो बिबट्याच. आणि वस्तीवरची मोकाट कुत्री एकेक करून दिसेनाशी झाली, तर इतर पुराव्याची वाट पाहत बसू नये.

घराभोवतीचे पन्नास फूट

बिबट्या लांबून पाठलाग करत नाही. तो दबून जवळ येतो आणि शेवटच्या काही फुटांत झेप घेतो. त्यामुळे दडणीपासून दारापर्यंत उघडी जागा जेवढी जास्त, तेवढं त्याचं काम अवघड.

ऊस घराच्या भिंतीपासून किमान पन्नास फूट लांब असावा. गुंठ्यागुंठ्याची शेती असलेल्याला हे सांगणं सोपं आणि करणं कठीण, हे मान्य. म्हणून पट्टा पडीक टाकायची गरज नाही. तिथे कांदा, लसूण, मेथी, भुईमूग, हरभरा, सोयाबीन असं गुडघ्याखालचं पीक घ्या. मका आणि ज्वारी नको. इथे एक चूक सगळीकडे दिसते. माणूस ऊस मागे सरकवतो आणि मोकळ्या जागेत गाईंसाठी हत्ती घास लावतो. बिबट्याला दोन्ही सारखेच. गोठ्याला लागून असलेला हत्ती घास उसापेक्षा वाईट, कारण त्यात रोज पहाटे विळा घेऊन घरातलीच बाई वाकलेली असते. घास लांबच्या वावरात हलवा, आणि तो कापायचा तर ऊन वर आल्यावर, दोघांनी मिळून.

घराच्या आसपासची घाणेरी आणि वेडी बाभूळ काढून टाका. पाचटाचे आणि सरपणाचे ढीग भिंतीपासून दूर रचा.

त्यानंतर येतो उकिरडा. मेलेल्या कोंबड्या, मटणाच्या दुकानातला कचरा, मेलेलं वासरू ओढ्यात फेकणं, हे सगळं कुत्र्यांना बोलावतं आणि कुत्री बिबट्याला. पोल्ट्रीवाल्याने मेलेली कोंबडी तीन-चार फूट खोल खड्ड्यात चुन्यासह पुरली, तर आजूबाजूच्या दहा वस्त्यांवर उपकार होतात. एखाद्या पोल्ट्रीवाल्याला ग्रामसभेत आणून हे पटवणं हे पाच पिंजऱ्यांपेक्षा मोठं काम आहे.

पाळलेला कुत्रा दारात साखळीने बांधणं ही सर्वांत घातक सवय. कुत्रा भुंकून राखण करील म्हणून आपण त्याला उंबऱ्याशी बांधतो आणि बिबट्याला उंबऱ्यापर्यंत आणतो. रात्री कुत्रा जाळीच्या खोलीत ठेवा, भुंकणं तिथूनही ऐकू येतं. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तोही चांगला उपाय आहे. पिंपरखेडच्या बाजूला माणसांनीच असे पट्टे गळ्यात घातल्याचे फोटो आले तेव्हा काहींना हसू आलं. त्यात हसण्यासारखं काही नाही. बिबट्या मानेवर धरतो, आणि खुरपणीला वाकलेल्या बाईची मान त्याच्या उंचीवर असते. पट्ट्याने जीव वाचू शकतो. फक्त पट्टा आहे म्हणून एकटीने उसाच्या कडेला खुरपायला बसू नये.

दिव्यांबद्दल थोडंसं. अंगणात उजेड हवाच, पण तो आपल्याला दिसावं म्हणून. बिबट्या उजेडाला भिऊन कायमचा पळत नाही, एकाच जागी रोज लागणाऱ्या दिव्याची त्याला सवय होते. सोलरचे लुकलुकणारे दिवे आणि भोंगे यांचंही तेच. दर चार-आठ दिवसांनी त्यांची जागा बदलली तर काही काळ उपयोग होतो. दुकानदार हे सांगत नाही.

गोठा : कुठे फसतो आणि का

बंदिस्त गोठ्यात बिबट्या शिरला तर एक शेळी घेऊन जात नाही, सात-आठ मारून टाकतो. शेळ्यांना पळायला जागा नसते, त्या सैरावैरा उड्या मारतात, आणि समोर हलणाऱ्या प्रत्येक जनावरावर तो झडप घालतो. त्यामुळे अर्धवट बंद गोठा हा उघड्या गोठ्यापेक्षा महाग पडतो.

दहा शेळ्या आणि त्यांची करडं यांच्यासाठी दहा बाय पंधरा फुटांची बंदिस्त जागा पुरते. पाया जमिनीत फूटभर घ्या, म्हणजे खालून उकरता येणार नाही. जमिनीपासून तीन फूट विटांची किंवा ब्लॉकची भरीव भिंत बांधा. हे तीन फूट महत्त्वाचे. जाळी थेट जमिनीपर्यंत आणली की शेळ्या रात्री तिला टेकून बसतात आणि बिबट्या बाहेरून पंजा घालून त्यांना ओरबाडतो, कधी पाय ओढून तोडतो. गोठा शाबूत राहतो आणि शेळी मरते.

भिंतीच्या वर सात-आठ फुटांपर्यंत वेल्डमेश जाळी लावा. भोक दोन इंच बाय दोन इंच, तार दहा गेज, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर जाड. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी चालत नाही, ती पंजाने फाटते. चेनलिंक वापरायची असेल तर ती खाली आणि बाजूला दर सहा इंचांवर तारेने अँगलला आवळून बांधावी लागते, नाहीतर खालून उचलली जाते. खांब पाच-सहा फुटांवर हवेत. चारही बाजूंनी पक्क्या भिंती घालू नका. शेळ्यांना हवा लागते, मुताच्या वासाने त्यांना खोकला लागतो आणि मग मालकच दार उघडं ठेवायला लागतो.

वरून बंद नसलेलं कुंपण कितीही उंच असलं तरी बिबट्यासाठी ते कुंपण नव्हे. तो तोंडात शिकार धरून झाडावर चढणारा प्राणी आहे. छप्पर हवंच, आणि पत्रे जे-हुकने कसलेले हवेत. पत्र्यावर दगड ठेवून भागवलं तर पत्रा सरकतो आणि तो वरून आत पडतो. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हवेसाठी सोडलेली वीतभर फट ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा. तिथेही जाळी मारा.

आणि दार. गोठा भक्कम आणि दाराला सुतळी, असं घरोघरी दिसतं. दाराची चौकट अँगलची करा, त्यावर भिंतीचीच जाळी लावा. खालची फट दोन इंचांपेक्षा कमी ठेवा. वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या हव्यात. एकच कडी मधोमध असली की दाराचा खालचा कोपरा वाकतो.

बैल, म्हैस, मोठी गाय यांच्यावर बिबट्या सहसा जात नाही. वासरं आणि कालवडी मात्र रात्री आत घ्या.

कुंपणात घरातली वीज सोडण्याचा विचारही नको. तो गुन्हा आहे, आणि अशा तारेला चिकटून मरणाऱ्यांत शेजारी किंवा घरचा माणूसच जास्त असतो. सौर कुंपणाचं झटका मशीन वेगळं. ते बॅटरीवर चालतं आणि सेकंदाला एखादा क्षणिक झटका देतं. त्याने जनावर दचकतं, मरत नाही. पण तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून कुंपणाखालचं गवत दर पंधरवड्याला काढावं लागतं. ते होणार नसेल तर पैसे गोठ्याच्या जाळीत घाला.

रात्रीचं पाणी आणि पहाटेची वाट

शेतीची थ्री-फेज वीज रात्री येते आणि माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, उसात शिरतो. बिबट्याच्या भागात दिवसा वीज द्या ही मागणी त्यामुळेच वर्षानुवर्षं होत आहे, आणि ती अगदी रास्त आहे. ती पूर्ण होईपर्यंत मोबाइल स्टार्टर बसवा, म्हणजे निदान मोटर चालू-बंद करायला विहिरीवर जावं लागत नाही. ठिबक असेल तर दारं धरायची गरजच उरत नाही, व्हॉल्व्ह दिवसा लावून ठेवता येतात.

जावंच लागलं तर दोघं जा. हातात काठी, काठीला घुंगरू, तोंडाने बोलणं किंवा मोबाइलवर भजन चालू. बिबट्याला माणसाची चाहूल आधी लागली तर तो बहुधा बाजूला होतो. अचानक तीन फुटांवर गाठ पडली की बिघडतं. बांधावर उकिडवं बसू नका, तंबाखू मळायलासुद्धा. बसलेला माणूस उंचीला कुत्र्या-शेळीएवढा होतो. याच कारणाने मुलं आणि उघड्यावर शौचाला बसलेली माणसं हल्ल्यात जास्त सापडतात. संडास घरापासून लांब असेल तर वाटेवर दिवा लावा आणि रात्री मुलाला एकट्याला पाठवू नका.

अंधार पडायच्या अर्धा तास आधी मुलं घरात. "अंगणातच तर खेळतोय" हे वाक्य बिबट्याच्या भागात चालत नाही. शाळेत जाणारी मुलं गटाने आणि रस्त्याच्या उसापासून लांबच्या बाजूने चालू द्या. ओट्यावर झोपायची सवय मोडावी लागेल, उन्हाळ्यातही.

विहिरीला चार फुटांचा कठडा बांधा. कुत्र्यामागे धावताना बिबट्या विहिरीत पडतो, मग पाचशे माणसं जमतात, आणि वर आल्यावर बिथरलेलं जनावर त्या गर्दीतूनच वाट काढतं.

समोर आलाच तर

पळू नका, पाठ फिरवू नका, वाकू नका. लेकरू सोबत असेल तर झटकन उचलून खांद्यावर घ्या. हात वर करा, उपरणं किंवा पोतं फडकवा, मोठ्याने ओरडा आणि त्याच्याकडे पाहत एकेक पाऊल मागे या. त्याला निघून जायला वाट ठेवा. हल्ला झालाच तर मान झाका आणि झुंजा. डोळ्यावर, नाकावर मारा. बाकीच्यांनी आरडाओरडा करत काठ्या घेऊन धावून जायचं, अशा वेळी तो बऱ्याचदा सोडून पळतो.

मोटारसायकलवर असाल तर थांबून मोबाइल काढू नका. हॉर्न दाबून पुढे चला.

नुसता ओरखडा उठला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. जखमेत हळद, चुना भरू नका. डॉक्टर जखमेभोवती आणखी एक इंजेक्शन देतील, ते टाळू नका.

पकडून लांब सोडत का नाहीत?

सोडून पाहिलं आहे, आणि त्याची किंमत जुन्नरने मोजली आहे. २००१ पासून जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडायला सुरुवात झाली. त्यातले २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. नंतर हा आकडा सतरावर गेला, आणि हल्ले जास्त जीवघेणे झाले.

यामागे दोन कारणं आहेत. एक, अनोळखी जागी टाकलेलं, पिंजऱ्यात माणसांनी वेढलेलं जनावर बिथरतं आणि घराकडे परतू पाहतं. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात सापडलेल्या एका म्हाताऱ्या नराला गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या बाजूला पोहोचला. वाटेत त्याने कुणाला त्रास दिला नाही, पण प्रत्येक बिबट्या असा शांत निघेल याची हमी कोण देणार?

दुसरं कारण जागेचं. उसातला प्रत्येक बिबट्या आपापला हद्दीचा तुकडा राखून असतो, तिथे तो दुसऱ्याला येऊ देत नाही. भरलेल्या एसटीत एक जण उठला की त्या जागेवर दुसरा बसतो, आणि बऱ्याचदा त्यासाठी तिघांची ओढाताण होते. बिबट्याला उचललं की हेच होतं. येणारे नवे बिबटे तरुण, वाट चुकलेले, माणसांच्या वेळा माहीत नसलेले असतात.

मग पिंजरा लावूच नये का? माणसावर हल्ला झाला असेल तर लावायलाच हवा, आणि पकडलेला बिबट्या परत सोडायचा नसतो. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात असे बिबटे ठेवले जातात. तिथली जागा मर्यादित आहे, हे वेगळं. पण शेतात नुसता दिसला म्हणून पिंजरा मागणं अंगाशी येऊ शकतं. आमिषाची शेळी ठेवलेल्या पिंजऱ्यात दोषी बिबट्याच शिरेल असं काही नसतं. जो भुकेला आणि भोळा, तो अडकतो. तुमच्या उसात तीन वर्षं गुमान राहिलेली मादी गेली, तर तिच्या जागी कोण येईल ते तुम्ही निवडू शकत नाही.

मारून टाका, नाहीतर नसबंदी करा

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या विशिष्ट जनावराला पकडण्याचा, आणि ते शक्य नसेल तर मारण्याचा लेखी आदेश राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. म्हणजे कायद्यात वाट आहे. अडचण ओळख पटवण्याची आहे, कारण एका उसात तीन-चार बिबटे असू शकतात. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी, ठसे आणि मृतदेहावरच्या लाळेची तपासणी यावरून ओळख जुळवावी लागते. त्याला वेळ लागतो, आणि ज्या घरात लेकरू गेलं त्या घराला तो वेळ फार मोठा वाटतो. लोकांच्या संतापाला "अज्ञान" म्हणणाऱ्यांनी एक रात्र वस्तीवर काढून पाहावी.

नसबंदीने पुढची पिढी कमी होईल, आजचा बिबट्या नाही. तो दहा-बारा वर्षं जगणार, रोज खाणार आणि तुमच्याच उसात राहणार. शिवाय त्यासाठी बहुतेक माद्या आधी पकडाव्या लागतील. करून पाहायला हरकत नाही. पण त्याच्या भरवशावर गोठ्याची जाळी पुढच्या वर्षावर ढकलू नका.

शेळी मेली तर पैसे कसे मिळतात?

मेलेलं जनावर हलवू नका, पुरू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा पोलिस पाटलांना कळवा. वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. पंचनाम्याला वनविभागासोबत पशुवैद्यकीय अधिकारी लागतात. फोटो चारही बाजूंनी घ्या. गळ्याच्या जखमा आणि कानातला बिल्ला त्यांत दिसला पाहिजे. आधारकार्ड आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा.

गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. शेळी-मेंढीसाठी ही मर्यादा १५ हजार आहे. माणूस दगावला तर कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. अर्ज अडतात ते बहुतेक उशिरा कळवल्यामुळे किंवा जनावर आधीच पुरल्यामुळे. कुत्रा आणि कोंबडी यांच्या भरपाईची आशा ठेवू नका.

ऊसतोड आणि पिल्लं

तोडीचा हंगाम हा सगळ्यात नाजूक काळ. बिबट्याचं घर चारही बाजूंनी आकसत जातं आणि शेवटच्या दोन गुंठ्यांत आई पिल्लांसह अडकते. तोड घराच्या बाजूने सुरू करा आणि उभ्या उसाच्या किंवा ओढ्याच्या दिशेने न्या, म्हणजे तिला निघायला वाट राहते. चहूबाजूंनी तोडत मध्ये येऊ नका. शेवटचा तुकडा दुपारच्या उजेडात, आधी फटाका किंवा डबा वाजवून तोडा. तोडीच्या आधी ऊस पेटवायचा असेल तर तो विचार सोडा. पिल्लं जळतात आणि आई आठवडाभर त्या परिसरात बिथरलेली फिरते.

तोडकऱ्यांची तान्ही लेकरं बांधावर झोळीत झोपवलेली असतात. शेतमालकाने त्यांच्यासाठी घराच्या ओट्यावर जागा द्यावी आणि लक्ष ठेवायला एक माणूस ठेवावा. त्यांच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, उसाला चिकटून उभारू देऊ नका, गावाजवळच्या मोकळ्या रानात जागा द्या.

पिल्लं सापडली तर हात लावू नका, सेल्फी काढू नका, घरी तर मुळीच नेऊ नका. तोड थांबवा, माणसं मागे घ्या आणि वनविभागाला बोलवा. आई बहुतेक वेळा शेजारच्याच उसात असते. पशुवैद्य पिल्लं तपासतात आणि अंधार पडायच्या सुमारास ती फळांच्या क्रेटमध्ये घालून नेमक्या त्याच जागी ठेवतात, बाजूला कॅमेरा लावतात. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लं टाकून देत नाही. ती रात्री येते, क्रेट पाडते आणि एकेका पिल्लाला मानेशी धरून घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा त्याच जागी क्रेट ठेवतात. त्या दोन-तीन रात्री आजूबाजूच्या वस्त्यांवरचं पाणी भरणं बंद ठेवायचं, आणि उरलेली तोड ती पिल्लं घेऊन गेल्याचं कॅमेऱ्यात दिसल्यावरच सुरू करायची.